जुन्या चेहऱ्याची छोटी गाडी घेताना

टोकियोतल्या निशिकासाईत, योकोहामात किंवा नागोयात राहणाऱ्या मराठी घरात मूल चालायला लागलं की गाडीचा विषय निघतोच. रेल्वे कितीही चांगली असली तरी बाबागाडी, भाजीच्या पिशव्या आणि पाऊस एकत्र आले की जिने चढणं-उतरणं नकोसं होतं. मग सुट्टीच्या दिवशी सेकंडहँड गाड्यांच्या डीलरकडे चक्कर होते आणि तिथे गोल दिव्यांची, फिक्या निळ्या अंगाची, पांढऱ्या छपराची एखादी छोटी गाडी नजरेत भरते. दिसायला साठच्या दशकातली, पण काचेवर लावलेल्या कागदावर वर्ष असतं 2019.

अशी गाडी शहरात वापरायला घ्यावी का? माझं उत्तर आहे, जरूर घ्यावी. शहरात रोज चालवायला यापेक्षा सोयीची आणि मनाला बरी वाटणारी गाडी मला तरी माहीत नाही. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा. या गाड्यांचा चेहरा वेगळा असला तरी खालचा पाया कुठल्या तरी साध्यासुध्या, लाखोंनी खपणाऱ्या गाडीचा असतो. त्या पायाचं नाव काय, त्याचं वय काय आणि त्याचे सुटे भाग मिळतात का, एवढं आधी कळलं की निम्मा निर्णय झाला. चेहरा त्यानंतर निवडा.

जपानमध्ये ‘केई’ हा छोट्या गाड्यांचा कायद्यानेच ठरवलेला वर्ग आहे. 1949 साली तो सुरू झाला तेव्हा इंजिनं अगदी चिमुकली होती. पुढे मर्यादा 360 सीसी झाली, 1976 मध्ये 550 आणि 1990 मध्ये 660. आजची मापं 1998 च्या ऑक्टोबरपासूनची आहेत : लांबी 3.40 मीटर, रुंदी 1.48 मीटर, उंची 2 मीटर, इंजिन 660 सीसी आणि माणसं चार. ताकद 64 अश्वशक्तीपुढे न्यायची नाही, हे कंपन्यांनी आपापसांत पाळलेलं बंधन आहे. खाजगी केई गाडीची नंबरप्लेट पिवळी, त्यावर काळी अक्षरं.

आपल्याला हे माप मुळीच परकं नाही. 1983 मध्ये गुडगावच्या कारखान्यातून निघालेली मारुती 800 ही सुझुकीच्या केई वर्गातल्या आल्टोचीच बहीण होती. जपानमध्ये त्या गाडीला 543 सीसीचं इंजिन, आपल्याकडे 796 सीसीचं. ज्यांच्या घरी ती गाडी होती, त्यांना जपानी केई गाडीत बसल्याबरोबर ओळख पटते : हात लांब केला तर पलीकडच्या दाराची काच पुसता येते, आणि बोनेट कुठे संपतं याचा अंदाज पहिल्या दिवसापासून येतो. गंमत म्हणजे आज भारतात मिळणारी वॅगन-आर 3,655 मिलिमीटर लांब आणि 1,620 मिलिमीटर रुंद असल्याने केईच्या चौकटीत बसत नाही. जपानची वॅगन-आर मात्र केईच आहे.

जुन्या रूपाची ही आवड सुरू झाली 1987 मध्ये, निस्सानच्या बी-वन या गाडीने. पाठोपाठ पाओ आली आणि 1991 मध्ये फिगारो. फिगारोच्या 20,000 गाड्यांसाठी लॉटरी काढावी लागली, इतकी मागणी होती. या गाड्या केई नव्हत्या, फिगारोचं इंजिन 987 सीसीचं होतं. पण त्यांच्या आतली यंत्रणा निस्सानच्याच मार्च या साध्या गाडीची होती आणि वर नवं, जुनं दिसणारं कवच होतं, ही युक्ती सगळ्यांनी उचलली. 1995 मध्ये सुबारूने आपल्या व्हिव्हिओ या केई गाडीला क्रोमची जाळी आणि गोल दिवे लावून ‘बिस्ट्रो’ काढली. ती इतकी चालली की पुढच्या दोन-चार वर्षांत डायहात्सू, मित्सुबिशी, सुझुकी सगळ्यांनी असे चेहरे बाजारात आणले. डायहात्सूची मीरा जिनो 1999 ची, सुझुकीची लापान 2002 ची. होंडाची एन-वन 2012 मध्ये आली आणि तिचा चेहरा त्यांच्याच 1967 च्या एन360 वरून घेतलेला आहे. हे मात्र उसनं रूप नाही. एन360 शेजारी उभी केली तर नात दिसावी इतकं साम्य आहे.

म्हणजे बाजारात उभी असलेली प्रत्येक गोड गाडी दोन नावांची असते. लापान म्हणजे आतून आल्टो, मीरा जिनो म्हणजे मीरा, मीरा टोकोट म्हणजे मीरा ई:एस, मूव्ह कॅनबस म्हणजे मूव्ह, आणि बिस्ट्रो म्हणजे व्हिव्हिओ. डीलरला विचारताना आतल्या गाडीचंच नाव घ्या : ‘या वर्षाच्या आल्टोला गिअरबॉक्सची काय तक्रार असते?’ उत्तर नीट मिळतं, कारण आल्टो त्याने शेकड्यांनी विकलेल्या असतात. फिल्टर, ब्रेकपॅड, बेअरिंग असे सुटे भागही त्याच नावाने, कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात. ज्या पायाची गाडी आजही रस्त्यावर भरपूर दिसते, ती बिनघोर घ्या.

याच कारणासाठी बिस्ट्रोच्या वाटेला सहसा जाऊ नका, असं मी सांगेन. ती फार सुंदर दिसते हे मलाही मान्य आहे. पण सर्वांत नवी बिस्ट्रोही आज पंचवीस वर्षांहून जुनी आहे आणि सुबारूने स्वतःच्या केई गाड्या बनवणं 2012 मध्येच थांबवलं. तिच्या ऑटोमॅटिकमधला विद्युतचुंबकी क्लच गेला तर तो दुरुस्त करणारा हात शोधत फिरावं लागतं. शिवाय ती 1998 आधीच्या मापाची, म्हणजे 1.40 मीटर रुंदीची. त्या साली लांबी-रुंदी वाढवली तीच मुळी धडकेत आतली माणसं वाचावीत म्हणून. घरात दुसरी गाडी असेल, जवळ ओळखीचा मेकॅनिक असेल, तर हौसेला मोल नाही. मुलाला पाळणाघरात सोडायला मात्र ती नको.

आता नव्या पायाच्या चार गाड्यांकडे बघू.

लापानची तिसरी पिढी 2015 मध्ये आली. शहरात ती मला सर्वांत आवडते आणि कारण साधं आहे : वजन. ही गाडी जेमतेम 650 ते 700 किलोंची आहे. त्यामुळे 52 अश्वशक्तीचं साधं, बिनटर्बो इंजिनही सिग्नल सुटल्यावर तिला चटकन पुढे नेतं. 4.4 मीटरच्या वळणत्रिज्येत ती फिरते, म्हणजे चार मीटरच्या गल्लीतून दुसऱ्या गल्लीत शिरताना मागेपुढे करावं लागत नाही. आतला डॅशबोर्ड टेबलासारखा सपाट आहे, लाकडी पोताचा, वर कपाटाच्या फळीसारखी कड. त्यावर फोन, पार्किंगची पावती, मुलाची टोपी असं काहीबाही जमतं. वळणावर ते घसरतं, म्हणून तिथे रबरी जाळी अंथरा. 2022 पासून एलसी नावाची आणखी जुन्या चेहऱ्याची लापानही मिळते. आली तेव्हा तिची किंमत 14 लाख येनच्या आसपास सुरू होत होती. तिसऱ्या पिढीत टर्बो नाही, हे ध्यानात ठेवा.

मीरा टोकोट 2018 ते 2023 या काळात निघाली. तिचं रूप कमी नटलेलं, पण उभट आणि चौकोनी असल्यामुळे चारी कोपरे बसल्या जागेवरून कळतात. नुकतंच लायसन्स मिळालेल्या माणसाला माझी पहिली शिफारस हीच. एक सावधगिरी बाळगा : सगळ्यात स्वस्त टोकोटमध्ये आपोआप ब्रेक लागण्याची यंत्रणा नव्हती. जपानमध्ये ही यंत्रणा नव्या मॉडेलना 2021 च्या नोव्हेंबरपासून सक्तीची झाली, त्याआधीच्या गाडीत ती आहे की नाही आणि असली तर कोणत्या पिढीची, हे विचारूनच घ्या. सुरुवातीच्या काही यंत्रणा फक्त कमी वेगात काम करायच्या.

एन-वन या चौघींतली सर्वांत सक्षम. होंडाने पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेली, त्यामुळे मागे उंच माणसालाही पाय पसरता येतात आणि मागच्या सीटची बैठक वर उचलली की घडी घातलेली बाबागाडी उभी राहते. 2020 च्या दुसऱ्या पिढीत होंडा सेन्सिंग, म्हणजे आपोआप ब्रेक लावणारी त्यांची यंत्रणा, सगळ्या गाड्यांना आली. टर्बो मिळतो, आणि आरएस प्रकारात सहा गिअरचा मॅन्युअलसुद्धा. भारतात क्लच दाबून वाढलेल्या माणसाला ही शेवटची गोष्ट मोहात पाडते. शहरात ती रोज लागेल का, याचा विचार मात्र घरच्या दुसऱ्या चालकालाही विचारून करा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच चेहऱ्याची विजेवर चालणारी एन-वन ई: आली आहे. एका चार्जमध्ये कागदावर 295 किलोमीटर. शहरात हे भरपूर आहे, पण भाड्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चार्जर लावू देतात का, हे मालकाला आधी विचारा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

मूव्ह कॅनबस ही चौथी. तिच्या मागच्या दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत. लहान मूल असलेल्या घरात याचं महत्त्व काय, ते पार्किंगमध्ये कळतं. दोन गाड्यांच्या मधल्या हातभर जागेत झोपलेलं मूल कडेवर, दुसऱ्या हातात किल्ली, आणि उघडणारं दार शेजारच्या गाडीला लागू नये म्हणून आपण ते कंबरेने धरून ठेवलेलं. सरकत्या दारात यातलं काहीच करावं लागत नाही. मूल आत ठेवा, पट्टा लावा, दार ओढा. ही सोय मला क्रोमच्या पट्टीपेक्षा लाखमोलाची वाटते.

पण कॅनबसची उंची 1,655 मिलिमीटर आहे, आणि इथे शहरातल्या पार्किंगचा विषय येतो. टोकियो-ओसाकात जुन्या इमारतींमधली यांत्रिक पार्किंग म्हणजे लोखंडी पाळण्यावर गाडी चढवून वर किंवा खाली नेणारी व्यवस्था. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी उंचीची मर्यादा 1,550 मिलिमीटर असते. लापान 1,525, टोकोट 1,530, दुसऱ्या पिढीची एन-वन 1,545 : तिन्ही आत जातात. पहिल्या पिढीची साधी एन-वन 1,610 आहे, ती जात नाही. कॅनबसही नाही. गाडी बघायला निघण्याआधी तुमच्या इमारतीच्या पार्किंगवरची पाटी वाचा आणि आकडा लिहून घ्या. छपरावर सामानाचा कॅरिअर लावायचा विचार असेल तर तीही उंची धरा.

गाडी बघताना पहिल्यांदा खाली वाका. रंग आणि जाळी नंतर बघता येतील. होक्काइदो, नीगाता, नागानो अशा बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्र्याला खातं. मागच्या चाकांच्या कमानी आतून चाचपून बघा, दाराखालची पट्टी, सायलेन्सरचे जोड, सस्पेन्शनचे हात बघा. वरवरचा तांबूस थर चालतो, पापुद्रे सुटत असतील तर गाडी सोडा. दुरंगी गाडीच्या छपराचा रंग उन्हाने फिका होऊन वरची पारदर्शक कातडी सोलवटते. पुन्हा रंगवायला चांगला खर्च येतो, तेव्हा छपरावर तिरक्या उजेडात नजर टाका. क्रोमच्या कडा, चाकांवरच्या टोप्या, गोल दिव्यांच्या चौकटी हे भाग फक्त त्याच चेहऱ्याच्या गाडीचे असतात, आल्टोचे किंवा मीराचे चालत नाहीत. ते धड आहेत ना, एवढं पाहा.

आत बसल्यावर इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. सीव्हीटी गिअरबॉक्स असेल तर थांबलेल्या अवस्थेतून हळूच गाडी काढा : धक्का, थरथर किंवा कुईं असा आवाज आला तर दुसरी बघा. लापानच्या तिसऱ्या पिढीत काही गाड्यांना एजीएस, म्हणजे क्लच आपोआप दाबणारा गिअरबॉक्स आहे. तो गिअर बदलताना क्षणभर दम घेतो, सवय होईपर्यंत गर्दीत अवघडल्यासारखं होतं. चढाचा रस्ता धरून टेस्ट ड्राइव्ह घ्या, शक्य तर चौघं बसून आणि एसी लावून. पिकअपचा खरा अंदाज तेव्हाच येतो. शहराबाहेर वरचेवर जाणार असाल, हाकोनेच्या घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर, तर टर्बोवाली गाडी घ्या. बिनटर्बो केई शंभरच्या वेगाने जाते, पण इंजिन ओरडत राहतं आणि पुढच्या ट्रकला ओलांडताना जीव टांगणीला लागतो. एक्स्प्रेसवेचा टोल मात्र साध्या गाडीपेक्षा 20 टक्क्यांनी कमी पडतो.

चाकं शक्यतो 14 इंची घ्या, 155/65 मापाची. हे टायर सगळीकडे मिळतात, स्वस्त असतात आणि बर्फाळ भागात जायचं झालं तर हिवाळी टायरचा दुसरा संचही परवडतो. 15 इंची चाकं दिसतात छान, पण खड्ड्यावरचा दणका थेट पाठीला देतात.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. 2015 च्या एप्रिलनंतर पहिली नोंदणी झालेल्या खाजगी केई गाडीला वर्षाला 10,800 येन कर, त्याआधीच्या गाडीला 7,200. तेरा वर्षं उलटली की तो 12,900 होतो. एक लिटरच्या आतल्या साध्या गाडीला, 2019 च्या ऑक्टोबरनंतर नोंदलेली असली तरी, 25,000 भरावे लागतात. हा कर 1 एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याने पूर्ण वर्षाचा भरायचा, महिन्यांप्रमाणे कापून मिळत नाही. म्हणून मार्चअखेर गाडी पसंत पडली तर नोंदणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करता येईल का, हे डीलरला मोकळेपणाने विचारा. शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. त्या वेळी भरायचा वजनकर साधारण 6,600 येन, तेरा वर्षांनंतर 8,200 आणि अठरा वर्षांनंतर 8,800. याच तेराव्या वर्षामुळे बारा वर्षांची गाडी स्वस्त मिळते. ती स्वस्ताई फसवी असते असं नाही, पण पुढच्या शाकेनचा खर्च धरून भाव करा. 2023 च्या ऑक्टोबरपासून डीलरला गाडीची सगळे खर्च धरून एकूण किंमत दाखवावी लागते. तुलना त्याच आकड्याची करा. अपघातात चॅसी दुरुस्त झाली आहे का, हेही कागदावर लिहून घ्या.

कागदपत्रांत केई गाडी आपल्यासारख्या परदेशी रहिवाशाला सोपी जाते. साध्या गाडीला नोंदवलेल्या शिक्क्याचा दाखला लागतो, केईला वॉर्ड ऑफिसातून मिळणारा राहत्या पत्त्याचा दाखला पुरतो. साध्या गाडीला पार्किंगचं प्रमाणपत्र नोंदणीआधी हवं, केईला नोंदणीनंतर पोलिस ठाण्यात कळवायचं असतं, तेही ठरावीक शहरांतच. टोकियोचे 23 वॉर्ड त्यात येतात. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. ती आधी भाड्याने घ्या, मगच गाडीवर सही करा.

विम्यात कंजुषी नको. सक्तीचा विमा फक्त समोरच्या माणसाच्या इजेपुरता असतो, त्यालाही मर्यादा आहे. ऐच्छिक विमा माणूस आणि मालमत्ता दोन्हींसाठी अमर्याद रकमेचा घ्या. गाडी छोटी असली तरी तिने दुकानाची काच किंवा महागडी गाडी ठोकली तर भरपाई छोटी नसते.

लायसन्सबद्दल थोडक्यात. भारतातून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर जास्तीत जास्त वर्षभर चालवता येतं. पुढे भारतीय लायसन्स बदलून घ्यायला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. 2025 च्या ऑक्टोबरपासून लेखी परीक्षा दहाऐवजी पन्नास प्रश्नांची आहे आणि उत्तीर्ण व्हायला नव्वद टक्के लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत लाल उलट्या त्रिकोणाच्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबवा. पुण्या-मुंबईत आपण वेग कमी करून दोन्हीकडे बघतो आणि पुढे सरकतो, तेवढ्यावर इथे नापास होतो. वळण्याआधी मान वळवून खांद्यामागे बघणंही परीक्षकाला दिसलं पाहिजे.

चार माणसांची मर्यादा सणावारी जाणवते. बारा वर्षांखालची तीन मुलं कायद्याने दोन मोठ्या माणसांएवढी धरली जातात, म्हणजे दोन मोठे आणि तीन मुलं नियमात बसतात. पण पट्टे चारच असतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे. नियमात बसलं म्हणून पाचव्याला बिनपट्ट्याचं बसवू नका. आई-बाबा भारतातून येतील तेव्हा नारितावरून त्यांच्या मोठ्या बॅगा या डिकीत येणार नाहीत. विमानतळावर बस किंवा रेल्वे बरी, गाडी घेऊन घराजवळच्या स्टेशनवर थांबा.

भारतात परतताना ही गाडी सोबत न्यावी असं अनेकांच्या मनात येतं. तो विचार सोडा. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर भारतात आणता येत नाही, आणि आणता आली तरी शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होतं. इथेच चांगल्या हाती द्या. या गाड्यांना मागणी असते, विशेषतः मूळ रंगातल्या आणि सर्व्हिसची वही पूर्ण असलेल्या. ओळखीच्या माणसाला विकली तर नाव बदलल्याची खात्री मार्चअखेरीच्या आत करून घ्या. बदललेल्या नोंदणीच्या कागदाचा फोटो स्वतःकडे ठेवा, नाहीतर 1 एप्रिलला गाडी तुमच्याच नावावर राहील आणि मे महिन्यात कराचं बिलही तुमच्याच नावाने निघेल.